वाहते पाणी आणि उघडी झडप

(एस. वाय. बी. ए.)

दिनदर्शिकेच्या जुलै-ऑगस्टच्या पानावर धबधब्याचे एक चित्र हमखास असते. त्यातले पाणी पाण्यासारखे दिसत नाही. कुणी पिंजलेला कापूस कड्यावरून सोडून द्यावा, तसे ते दिसते. थेंब नाहीत, तुषार नाहीत, खळखळ नाही. हे चित्र पाहून काही जण नुसतेच ‘वा!’ म्हणतात, तर काही जण ‘हे खरे नव्हे, संगणकावर केलेले असणार’ असे म्हणून पान उलटतात. वास्तविक असे चित्र काढण्यास संगणकाची गरज नसते. छायाचित्रणाची कला जन्माला आली तेव्हापासून कॅमेऱ्याला पाणी असेच दिसत आले आहे. ते तसे का दिसते, तसे चित्र काढावयाचे असल्यास काय करावे लागते आणि तसे काढताना आपण कशावर पाणी सोडतो, या तीन गोष्टी प्रस्तुत लेखात सांगण्याचा प्रयत्न आहे.

झडप किती वेळ उघडी?

कॅमेरा म्हणजे मुळात एक अंधारी पेटी. तिच्या पुढे भिंग, मागे प्रकाश टिपणारा पृष्ठभाग आणि मध्ये एक झडप, म्हणजेच शटर. मागच्या बाजूस पूर्वी फिल्म असे, आता बहुधा सेन्सर असतो. तत्त्व तेच राहिले आहे. झडप उघडली की प्रकाश आत येतो, मिटली की थांबतो. ती जितका वेळ उघडी राहते त्याला ‘शटर स्पीड’ म्हणण्याचा प्रघात आहे. नाव वेगाचे असले तरी मोजला जातो तो अवधी. कॅमेऱ्याच्या चकतीवर हे अवधी साधारणपणे एकमेकांच्या दुपटीने मांडलेले असतात : १/१०००, १/५००, १/२५०, १/१२५, १/६०, १/३०, १/१५, १/८, १/४, १/२ आणि १ सेकंद.

आता पाण्याचा वेग पाहू. पाच मीटर उंचीवरून पडणारे पाणी तळाशी पोहोचते तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे दहा मीटर असतो. गुरुत्वाकर्षणाचे शाळेतले सूत्र वापरून हा आकडा कोणालाही काढता येईल. या वेगाने पडणारा थेंब १/१००० सेकंदात फक्त एक सेंटिमीटर सरकतो. दुरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याच्या दृष्टीने तो जवळजवळ उभाच असतो, म्हणून चित्रात थेंब थेंबासारखा उमटतो. १/१२५ सेकंदात तो आठ सेंटिमीटर सरकतो; चित्रात त्याची काडी होते. १/१५ सेकंदात तो हातभराहून अधिक अंतर कापतो. काडीचा धागा होतो. झडप अर्धा सेकंद उघडी राहिली तर एवढ्या वेळात पाच मीटर पाणी निघून जाते. मग एकच थेंब वेगळा ओळखू येण्याचा प्रश्न उरत नाही. हजारो धागे एकमेकांवर पडून त्यांचे वस्त्र होते.

असे का होते? सेन्सरवरचा प्रत्येक ठिपका आपल्या समोरून जे जे गेले त्या सर्वांच्या प्रकाशाची बेरीज करीत असतो. खडक जागचा हलत नाही. त्यामुळे खडकासमोरच्या ठिपक्याला दर क्षणी तोच काळा रंग मिळतो आणि खडक स्पष्ट उमटतो. पाण्यासमोरच्या ठिपक्याला मात्र एका क्षणी पांढरा बुडबुडा मिळतो, दुसऱ्या क्षणी मागचा ओला पाषाण, तिसऱ्या क्षणी आकाशाची चकाकी. या सर्वांची बेरीज म्हणजे तो मऊ पांढुरका रंग. दिवाळीत लहान मुले अंधारात फुलबाजी गरगर फिरवितात तेव्हा आपल्याला प्रकाशाचे कडे दिसते. कडे कोठेच नसते, असते ती एकच जळती काडी. डोळा ही बेरीज अगदी थोड्या काळापुरती करतो, कॅमेरा मात्र सांगू तितका वेळ करीत राहतो.

दोन टोके

कापसासारखे पाणी खोटे आणि थेंबाथेंबांचे पाणी खरे, असा एक समज आहे. तो तपासून पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतील हॅरॉल्ड एजर्टन या विद्युत अभियंत्याने अत्यल्प काळ चमकणाऱ्या दिव्याच्या साहाय्याने दुधाचा थेंब पडतानाची छायाचित्रे काढली. त्यांतील १९५७ चे रंगीत चित्र फार प्रसिद्ध आहे. थेंब आपटताच दुधाचा मुकुट उसळतो आणि मुकुटाच्या प्रत्येक टोकावर एकेक मोती असतो. हे दृश्य शंभर टक्के खरे, परंतु ते साध्या डोळ्यांनी कोणीही पाहू शकत नाही. म्हणजे सेकंदाचा अतिसूक्ष्म अंश आणि दीर्घ अवधी ही दोन्ही टोके मानवी दृष्टीच्या पलीकडचीच आहेत. डोळ्याला दिसणारे पाणी या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असते.

इतिहासात तर दीर्घ अवधी ही हौस नव्हती, नाइलाज होता. कार्लटन वॉटकिन्स हा छायाचित्रकार १८६१ साली कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोऱ्यात प्रचंड कॅमेरा आणि सुमारे अठरा इंच बाय बावीस इंचांच्या काचा खेचरांवर लादून गेला. त्या काळी काचेवर रसायन लावून ती ओली असेपर्यंतच चित्र काढावे लागे व लगेच धुवावे लागे. ते रसायन मंद असल्याने झडप दीर्घकाळ उघडी ठेवणे भाग पडे. त्यामुळे त्याच्या चित्रांत कडे अत्यंत रेखीव आणि धबधबे धूसर दिसतात. पुढे १८६४ साली अध्यक्ष लिंकन यांनी ते खोरे सार्वजनिक उपयोगासाठी राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली. हे लोकमत घडविण्यात वॉटकिन्सच्या चित्रांचाही वाटा होता, असे मानले जाते. उलटपक्षी फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची उसळती लाट काचेवर पकडून दाखविली, तेव्हा त्याचेच लोकांना नवल वाटले. काही चित्रांत त्याने आकाश एका काचेवरून आणि समुद्र दुसऱ्या काचेवरून घेऊन जोडले होते. तेव्हा ‘जुळवाजुळव’ ही संगणकाने आणलेली रीत नव्हे, हेही येथे ध्यानात येते.

तिवईचे काम

झडप जास्त वेळ उघडी ठेवावयाची म्हटली की पहिली अडचण येते ती आपल्या हाताची. श्वासाबरोबर, नाडीच्या ठोक्याबरोबर हात हलत असतो. १/६० सेकंदापेक्षा अधिक अवधीसाठी कॅमेरा हातात धरला तर सामान्यतः पाण्याबरोबर खडकही पुसट होतो. सगळेच हलले तर काहीच वाहताना दिसत नाही. पाणी वाहते हे कळण्यास काठ स्थिर असावा लागतो. म्हणून ट्रायपॉड, म्हणजेच तीन पायांची तिवई.

तीनच पाय का, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना पुस्तकाशिवाय माहीत असते. चुलीला दगड तीन असतात. खळ्यावर धान्य उपणताना ज्या उंच तिवईवर उभे राहतात, जिला आमच्याकडे वावडी म्हणतात, तिलाही पाय तीनच. कारण कोणतेही तीन बिंदू नेहमी एका प्रतलात बसतात. चार पायांचे टेबल शेणाने सारवलेल्या जमिनीवर डुगडुगते, तीन पायांची वस्तू कितीही उंचसखल जागी ठामपणे टेकते. नदीकाठचा खडक कधीच सपाट नसतो. तेथे या भूमितीचा खरा उपयोग होतो.

तिवई मांडण्याच्या काही साध्या रीती आहेत. उतारावर दोन पाय खालच्या अंगास आणि एक वरच्या अंगास ठेवावा. पाय लांब करताना आधी वरचे जाड भाग उघडावेत, तळाचे बारीक भाग अगदी गरज पडली तरच. मधला दांडा शक्यतो वर उचलू नये, कारण तो उचलला की तीन पायांचा फायदा संपून सगळा भार एका काठीवर येतो. वारा असेल तर मधल्या आकड्याला दगड भरलेली पिशवी लटकवावी. मात्र ती झुलू देऊ नये, जमिनीला टेकू द्यावी. वाहत्या पाण्यात पाय रोवल्यास प्रवाहाच्या माराने ते थरथरतात, म्हणून कोरडा खडक शोधावा. कॅमेऱ्याचे बटण बोटाने दाबले तरी तो क्षणभर हलतो, यासाठी दोन सेकंदांचा टायमर लावावा किंवा केबलचे बटण वापरावे. हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी जी सोय अलीकडच्या भिंगांत असते, ती तिवईवर बंद करावी, असे सामान्यतः सुचविले जाते.

प्रकाशाचा हिशेब

दुसरी अडचण प्रकाशाची. झडप जास्त वेळ उघडी राहिली तर जास्त प्रकाश आत येतो आणि चित्र पांढरेफटक होते. हा हिशेब समजण्यास पाण्याचाच दाखला सोयीचा आहे. नळाखाली हंडा भरावयाचा आहे असे समजा. नळाची चावी किती उघडली, किती वेळ उघडी ठेवली आणि हंडा केवढा आहे, या तीन गोष्टींवर हंडा बरोबर काठोकाठ भरणे अवलंबून असते. कॅमेऱ्यात चावी म्हणजे भिंगातील छिद्र, अर्थात अॅपर्चर. वेळ म्हणजे झडपेचा अवधी. हंड्याचा आकार म्हणजे आयएसओ. आयएसओचा आकडा लहान तेवढा हंडा मोठा, म्हणजे भरण्यास अधिक प्रकाश लागणारा.

छिद्राचे आकडे एफ/४, एफ/५.६, एफ/८, एफ/११, एफ/१६, एफ/२२ असे असतात. आकडा वाढला की छिद्र लहान होते आणि प्रत्येक पायरीला आत येणारा प्रकाश निम्मा होतो. या पायरीला छायाचित्रकार ‘स्टॉप’ म्हणतात. प्रकाश निम्मा झाला की अवधी दुप्पट करता येतो. सगळे गणित एवढेच आहे.

एक उदाहरण घेऊ. आभाळ भरून आले आहे, आयएसओ १०० आहे आणि एफ/८ ला १/६० सेकंद हा अवधी योग्य ठरतो आहे. आपल्याला हवा आहे अर्धा सेकंद. १/६० पासून १/३०, १/१५, १/८, १/४, १/२ अशा पाच पायऱ्या चढावयाच्या. छिद्र एफ/८ वरून एफ/११ व एफ/१६ केले की दोन पायऱ्या मिळाल्या. उरलेल्या तीन कोठून आणावयाच्या? त्यासाठी भिंगापुढे करड्या रंगाची काच लावतात. तिला एनडी फिल्टर म्हणतात. रंग न बदलता प्रकाश तेवढा कमी करणे हे तिचे काम. एनडी ८ ही काच प्रकाश एक अष्टमांश करते, म्हणजे तीन पायऱ्या. दोन आणि तीन मिळून पाच. हिशेब पुरा झाला. छिद्र एफ/२२ पर्यंत लहान करण्याचा मोह टाळलेला बरा, कारण फार लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि चित्राचा रेखीवपणा कमी होतो.

भर उन्हात मात्र हे जमत नाही. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० असता एफ/१६ ला सुमारे १/१२५ सेकंद लागतो, असा छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा आहे. तेव्हा दुपारी कापसासारखे पाणी हवे असल्यास एनडी १००० सारखी जवळजवळ काळी काच लागते. ती दहा पायऱ्या कमी करते आणि १/१२५ चे सुमारे आठ सेकंद होतात. अशी चांगली काच स्वस्त नसते. ज्यांना ती परवडत नाही त्यांच्यासाठी निसर्गाने सोय करून ठेवली आहे : सूर्योदयापूर्वीची वेळ, सूर्यास्तानंतरची वेळ, ढगाळ दिवस आणि झाडांची दाट सावली. माझे बरेचसे काम याच वेळी झाले. कॅमेरा माझा नाही. माझे मामा लग्नाचे फोटो काढतात, त्यांच्याकडे एक जुना डिजिटल कॅमेरा पडून होता. काच विकत घेण्याऐवजी पहाटे लवकर उठणे मला परवडले.

आणखी दोन गोष्टी. फेस हा चित्रातील सर्वांत उजळ भाग असतो. तो नुसता कोरा पांढरा झाला तर धागे दिसत नाहीत, म्हणून प्रकाश किंचित कमीच घ्यावा. दुसरे म्हणजे ओल्या खडकावरची चकाकी काढण्यास पोलरायझर नावाची काच उपयोगी पडते. ती प्रकाशही एक-दोन पायऱ्यांनी कमी करते, म्हणजे एका काचेत दोन कामे होतात.

आता प्रश्न येतो मोबाईलचा, कारण आपल्यापैकी बहुतेकांकडे तोच आहे. पुष्कळ मोबाईलमध्ये ‘प्रो’ नावाची पद्धत असते, तीत अवधी आणि आयएसओ स्वतः ठरविता येतात. छिद्र बहुधा कायमचे ठरलेले असते. काही मोबाईल पाठोपाठ अनेक लहान चित्रे घेऊन त्यांची सरासरी काढतात. त्याला फसवणूक म्हणता येणार नाही, कारण उघड्या झडपेची बेरीज आणि अनेक चित्रांची सरासरी यांत तत्त्वतः फरक नाही. मोबाईल मात्र विटेला टेकवून का होईना, स्थिर हवा.

निघोजचे रांजणखळगे

या पद्धतीचा उपयोग केवळ शोभेसाठी नाही, हे मला कुकडी नदीवर कळले. पारनेर तालुक्यातील निघोज आणि पलीकडचे शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी यांच्यामधून कुकडी वाहते. तेथे मळगंगेच्या देवळाजवळ नदीच्या पात्रात काळ्या पाषाणात कोरलेले खोल, गोल खळगे आहेत. भूगोलाच्या पुस्तकात त्यांना रांजणखळगे म्हणतात. हा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. प्रवाहात भोवरा पडतो, भोवऱ्यात गोटे सापडतात, ते एकाच जागी गरगर फिरून खडक खरवडतात आणि खळगा खोल होत जातो. असे हजारो वर्षे चालले की दगडाचा रांजण तयार होतो.

हे सर्व परीक्षेपुरते पाठ असते. परंतु काठावर उभे राहून पाहिले तर खळग्यातले पाणी नुसते अस्वस्थ दिसते. त्यात काही क्रम आहे असे वाटत नाही. तेच दृश्य पहाटेच्या प्रकाशात आठ-दहा सेकंद झडप उघडी ठेवून घेतले तर चित्रात पांढरी कडी उमटतात. पाण्यावर तरंगणारा थोडासा फेस भोवऱ्याबरोबर फिरत असतो आणि फिरता फिरता स्वतःचा मार्ग आखून जातो. कड्यांचा आकार आणि खळग्याच्या कडेची गोलाई एकमेकांशी जुळते. म्हणजे खडक ज्या फिरण्याने कोरला गेला, तेच फिरणे आजही चित्रात दिसते. दोन सेकंदांत अर्धे कडे दिसते, दहा सेकंदांत पुरे, आणि मिनिटभर ठेवल्यास कडी एकमेकांत मिसळून नुसते धुके होते. किती अवधी योग्य, याचे उत्तर आकड्यांच्या कोष्टकात नसून आपल्याला काय दाखवावयाचे आहे यात आहे. धागे दाखवावयाचे असतील तर १/१५ ते १/४ सेकंद, सलग वस्त्र हवे असेल तर अर्धा ते दोन सेकंद, प्रवाहाची वाट शोधावयाची असेल तर पाच ते दहा सेकंद, हे साधारण प्रमाण. पाणी किती वेगाने वाहते आणि आपण त्यापासून किती दूर आहोत, त्यावर ते बदलते.

जे हलते ते पुसले जाते

येथपर्यंत या पद्धतीचे गुण झाले. आता तिची दुसरी बाजू.

लुई दागेर या फ्रेंच गृहस्थाने १८३८ साली पॅरिसमधील बुलव्हार द्यू ताँप्ल या रस्त्याचे चित्र घेतले. दिवसाची वेळ, रस्ता गजबजलेला. परंतु चित्रात तो ओसाड दिसतो. कारण झडप काही मिनिटे उघडी होती आणि गाड्या, घोडे, माणसे सतत हलत होती. एकच माणूस स्पष्ट उमटला आहे. तो बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी एक पाय वर ठेवून उभा होता. ज्यात माणूस दिसतो असे हे सर्वांत जुने उपलब्ध छायाचित्र मानले जाते. त्याच्या पायाशी बसून पॉलिश करणारा मात्र अंधुक आहे, कारण त्याचे हात चालू होते.

हे चित्र मी ग्रंथालयातील पुस्तकात पाहिले होते, पण त्याचा अर्थ मला घरी उमगला. आमच्या गावच्या नदीवर सकाळी बायका धुणे घेऊन येतात. दगड, पायऱ्या, पाणी आणि बायका असे एक चित्र मी पंधरा सेकंदांचा अवधी ठेवून घेतले. पाणी सुरेख आले. आजीला दाखविले तेव्हा तिने मोबाईल लांब धरून बराच वेळ पाहिले आणि विचारले, “समदं हाय, पर बाया कुठं गेल्या गं?” बायका तेथेच होत्या. वाकत होत्या, आपटत होत्या, पिळत होत्या. दगड स्थिर होता म्हणून राहिला. ज्या राबत होत्या त्या धुक्यासारख्या विरून गेल्या. दागेरच्या रस्त्यावर जे पॉलिशवाल्याचे झाले, तेच आमच्या घाटावर झाले.

यावरून दीर्घ अवधी वाईट असे ठरत नाही. रशियातील अलेक्सेई तितारेंको यांनी सोव्हिएत संघ कोसळल्यानंतरच्या काळात सेंट पीटर्सबर्ग शहरातील गर्दीची चित्रे मुद्दाम दीर्घ अवधीने घेतली. त्यांत माणसे सावल्यांसारखी दिसतात आणि जिन्याच्या कठड्यावर नुसती बोटे उमटलेली दिसतात. हलाखीच्या दिवसांत माणसाचे माणूसपण कसे विरघळते, हेच त्यांना दाखवावयाचे होते. तेथे पुसले जाणे हाच विषय होता. प्रश्न आहे तो न कळत पुसले जाण्याचा.

पाण्याच्या बाबतीत हा प्रश्न आणखी एका ठिकाणी येतो. स्वच्छ धबधब्याचा पांढरेपणा हवेच्या बुडबुड्यांमुळे असतो. बुडबुडे सर्व रंगांचा प्रकाश सारखाच विखुरतात म्हणून पाणी पांढरे दिसते. परंतु सांडपाणी व साबणासारखी द्रव्ये मिसळलेल्या नदीतही बंधाऱ्याखाली पांढरा फेस होतो आणि तो लवकर विरत नाही. दिल्लीत ओखला बंधाऱ्याखाली यमुनेवर असे फेसाचे ढीग साचतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्या फेसात उभ्या राहून छठपूजा करणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे सर्वत्र प्रसिद्ध झाली. आळंदीला इंद्रायणीवरही अलीकडच्या वर्षांत असा फेस वारंवार दिसला आहे. आता असा वाहता फेस दहा सेकंदांच्या अवधीने टिपला तर काय दिसेल? शुभ्र, मुलायम, दुधासारखी नदी. पाहणारा म्हणेल, किती पवित्र! यमुनेची ती चित्रे लोकांच्या मनाला लागली, कारण त्यांत फेसाचा एकेक गोळा वेगळा ओळखू येत होता. तेथे १/५०० सेकंद हाच योग्य अवधी. एकच कॅमेरा, एकच तिवई. परंतु चकती कोठे फिरवावयाची यावर नदीची तक्रार ऐकू येणार की दबून जाणार, हे ठरते.

काठावरची सावधगिरी

या विषयावर लिहिताना सुरक्षिततेबद्दल न लिहिणे योग्य होणार नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. आपल्याकडील ओढ्यांचे पाणलोट क्षेत्र डोंगरात असते. आपल्या डोक्यावर ऊन असताना वर पाऊस पडलेला असू शकतो आणि पाणी अचानक चढते. पाणी एकाएकी गढूळ होणे, काटक्या-पाने वाहून येणे, आवाज वाढणे ही त्याची लक्षणे. ती दिसताच तिवई सोडून प्रथम वर यावे. शेवाळलेल्या खडकावर चप्पल घालून उतरू नये. धरणाखालच्या नदीत भोंग्याकडे लक्ष असावे. रांजणखळग्यांच्या कडा गुळगुळीत असतात आणि आत पडलेल्यास धरावयास काही नसते. एकट्याने जाऊ नये. मी जाते तेव्हा मामा सोबत असतात. मी चित्र बघते आणि ते पाणी बघतात.

समारोप

थोडक्यात सांगावयाचे तर वाहत्या पाण्याचे चित्र हे एका क्षणाचे चित्र नसते, ते काही काळाची बेरीज असते. त्या बेरजेत स्थिर वस्तूला पुरे माप मिळते आणि हलणाऱ्याला अपुरे. ही कॅमेऱ्याची लबाडी नव्हे, त्याचा स्वभाव आहे. तो स्वभाव जाणून अवधी ठरविणे, हे तिवईमागे उभ्या राहणाऱ्याचे काम. आपल्यापैकी ज्यांना आवड आहे त्यांनी या पावसाळ्यानंतर एक साधा प्रयोग करून पाहावा. गावच्या ओढ्यावर मोबाईल विटेला टेकवून एकाच जागेची तीन चित्रे घ्यावीत : १/५०० सेकंद, १/४ सेकंद आणि पाच सेकंद. मग ती शेजारी शेजारी ठेवून दोन प्रश्न विचारावेत. पहिल्या चित्रात असलेले काय तिसऱ्यात नाही? आणि तिसऱ्यात दिसणारे काय पहिल्यात दिसत नव्हते? चित्र सुंदर आले की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा. घाटावरच्या बायका मी आता १/२५० ला घेते आणि पाण्याचे चित्र त्या घरी गेल्यावर वेगळे घेते. दोन्ही चित्रे भिंतीवर जवळजवळ लावली आहेत. आजी पहिल्यातल्या बायकांची नावे सांगते, आणि दुसऱ्यात त्यांच्या धुण्याच्या दगडाला पाणी कोठून वळसा घालते ते बोटाने दाखविते.